कॉलनीची खुली जागा, ११ गुंठे, दीड वर्षाच्या नोंदी (नाशिक)

पाथर्डी फाट्याच्या बाजूला आमची कॉलनी, ४५ प्लॉट, आणि मधोमध ले-आउटची खुली जागा जिला सगळे "ग्राउंड" म्हणतात पण प्रत्यक्षात तिथे गाजरगवत, डेब्रिज आणि दारूच्या बाटल्या. मी अंबडला टूलरूममध्ये आहे, माळी नाही की वकीलही नाही. वहीत लिहून ठेवलेलं इथे टाइप करतोय कारण दुसऱ्या दोन कॉलन्यांमधून विचारणा झाली की तुम्ही कसं केलं. आम्ही बरंचसं चुकीचं केलं, तेच सविस्तर लिहितो.

८ ऑक्टोबर २०२३

मिटिंग घेतली, ४५ घरांतून ९ जण आले. निमित्त असं की कोणीतरी सांगितलं इथे समाजमंदिर होणार, दुसरा म्हणला नाही, ही जागा मूळ मालकाच्या नावावरच आहे आणि तो विकणारे. कोणाकडेच कागद नाही! वीस वर्षं राहतोय आपण इथे, आणि जागा नक्की कोणाची हे माहीत नाही. ठरलं की आधी कागद काढायचे आणि मग झाडांचं बघायचं. (हे एवढं एक बरोबर ठरलं.)

९ ऑक्टोबर

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प. मी हुशारी करून एकाच अर्जात सगळं विचारलं, मंजूर ले-आउटची नक्कल द्या, खुल्या जागेचा ताबा कोणाकडे ते सांगा, तिथली झाडं मोजलीत का, आणि शेजारच्या रस्त्याचं डांबरीकरण कधी ते पण.

६ नोव्हेंबर

२८ व्या दिवशी उत्तर आलं, की अर्जात एकापेक्षा जास्त विषय आहेत. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे मला नंतर कळलं. म्हणजे चूक माझीच. एक महिना गेला. तुम्ही करणार असाल तर एकच वाक्य लिहा, "सर्व्हे नंबर अमुकच्या मंजूर अभिन्यासाची नकाशासह साक्षांकित प्रत मिळावी" (अभिन्यास म्हणजे ले-आउट). बस्स. दुसरं काही विचारायचं असेल तर दुसरा अर्ज, परत १० रुपये.

८ नोव्हेंबर

दुसरा अर्ज टाकला. वर दिवाळी, त्यामुळे अपेक्षा ठेवली नाही.

४ डिसेंबर

मिळाला नकाशा! २६ दिवसात. १४ पानं, २ रुपये पानाप्रमाणे २८ रुपये. ले-आउट पावणेतीन एकरचा, त्याचे १० टक्के म्हणजे ११ गुंठे खुली जागा, नकाशावर हिरव्या रंगात स्वच्छ दाखवलेली. पण सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे, म्हणजे अफवा अगदीच खोटी नव्हती. आमच्यातले एक वकील काका आहेत त्यांनी समजावलं की नाव कोणाचंही राहिलं तरी मंजूर ले-आउटमधली खुली जागा प्लॉटधारकांसाठीच असते, अशी कोणाला विकून टाकता येत नाही. त्यांनी सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा बंगळुरूचा निकाल पण सांगितला, तिथे उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी हॉस्पिटलला दिली होती आणि कोर्टाने ते रद्द केलं. काका हे सांगताना एवढे रंगात आले की चहा गार झाला.

नकाशाच्या २० झेरॉक्स काढून प्रत्येक गल्लीत एक दिली. एक लॅमिनेट करून वॉचमन मामांच्या केबिनमध्ये लावली. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात कामाची गोष्ट ती लॅमिनेट केलेली झेरॉक्स आहे. कोणी टेम्पो लावायला आला की मामा त्याला नकाशा दाखवतात.

१६ डिसेंबर

खाजगी सर्व्हेअर बोलावला, ३,५०० रुपये. त्याने मशीन लावून मोजलं आणि जागेवर साडेनऊच गुंठे निघाले. दीड गुंठा म्हणजे सोळाशे स्क्वेअर फुटाच्या वर जागा कुठे गेली? तर पूर्वेच्या कोपऱ्यातल्या बंगल्याच्या कंपाउंडमध्ये. कार शेड, तुळशी वृंदावन आणि दोन नारळ, सगळं आपल्या ग्राउंडवर.

आता पेच असा की त्याच बंगलेवाल्यांनी परवा मिटिंगमध्ये सांगितलं होतं, झाडांना आमच्या बोअरचं पाणी घ्या, पैसे नको. कॉलनीत उन्हाळ्यात पाणी टिकणारी बोअर तेवढी एकच. सर्व्हेअर गेल्यावर आम्ही चौघं तिथे उभे, कोणी काही बोलेना. शेवटी मीच म्हणलं, आधी झाडं जगू देत मग बघू. हे लिहिताना बरं वाटत नाहीये पण झालं तसंच.

२४ डिसेंबर

साफसफाई. जेसीबी ३ तास, ११०० ने ३,३००. डेब्रिज न्यायला ट्रॅक्टरच्या ६ खेपा, ७०० प्रमाणे ४,२००. जेसीबीवाल्याला घाई, त्याने गवताबरोबर वरची सहा इंच चांगली माती पण खरवडून ट्रॉलीत भरली. मी तेव्हा मिसळ आणायला गेलो होतो. परत आलो तर खाली नुसता मुरूम. मग नंतर तीच माती विकत आणायची वेळ आली, ३ ट्रॉली काळी माती ५,४०० रुपये. जेसीबी चालू असताना कोणीतरी एकाने समोर उभं राहायलाच पाहिजे, मिसळ नंतर खा.

२६ जानेवारी २०२४

झेंडावंदन करून वृक्षारोपण. ४२ रोपं, सरासरी १२० ला एक, ५,०४० रुपये. कडुनिंब ८, करंज ८, बहावा ६, ताम्हण ६, कांचन ५, जांभूळ ४, आपटा ३, वड १, पिंपळ १. शेणखत एक ट्रॉली ४,०००. बांबूचे ट्री गार्ड ३०, १८० ने ५,४००. लोखंडी घेतले नाहीत कारण भंगारवाल्याकडे कधी जातील सांगता येत नाही.

फोटो मस्त आले. पण आता खरं सांगतो, जानेवारीत झाड लावणं हा मूर्खपणा होता. पुढे साडेचार महिने पाऊस नाही, एप्रिलमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो, आणि रोपाला मूळ धरायला वेळच नाही. हे आम्हाला सरकारी रोपवाटिकेतल्या माणसाने तोंडावर सांगितलं होतं, "साहेब जूनमध्ये या". पण सगळ्यांचा उत्साह तेव्हा होता. जूनपर्यंत उत्साह राहील याची खात्री नव्हती म्हणून लावून टाकली.

११ फेब्रुवारी

पश्चिमेच्या रांगेतली दोन करंज वाकडी झाली म्हणून हलवून बघितली तर अख्खी हातात आली, खाली काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच! म्हणजे लावणाऱ्याने पिशवी न काढताच खड्ड्यात ठेवली. मुळं पिशवीत गोल गोल फिरून जिलबी झालेली. मग सगळीच्या सगळी उकरून तपासली, ४२ पैकी ९ पिशवीसकट निघाली. कोणी लावली हे फोटोंवरून कळलं असतं पण मी फोटो झूम करायचं टाळलं.

३ मार्च

क्रिकेट. आम्ही ग्राउंडच्या मधोमध पाच झाडं लावली होती, का तर नकाशावर ती छान दिसत होती. पोरांनी महिनाभर जुळवून घेतलं, झाडाला लागला तर आउट असा नियम केला, मग हळूहळू एकेक ताम्हण मोडत गेलं. पोरांवर ओरडायला गेलो तर नववीतला एक म्हणला, "काका, आम्ही कुठे खेळायचं ते सांगा ना". उत्तर नव्हतं माझ्याकडे. लहानपणी आम्ही स्वतः असल्याच मोकळ्या प्लॉटवर खेळलो, गार्डनमध्ये जायचं म्हणजे वर्षातून एकदा शिवाजी उद्यानात, ते पण नवीन कपडे घालून.

तर ठरवलं की मधला २२ बाय १० यार्डाचा पट्टा आणि आजूबाजूची मोकळी जागा पोरांची, झाडं फक्त कडेने. पाच खड्डे बुजवले. खुल्या जागेत थोडी जागा खुलीच राहू द्यावी, हे मला पाच ताम्हणांच्या किमतीला कळलं.

१७ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. नळ कनेक्शन आणि एका दिव्यासाठी दिलेला अर्ज आता निवडणुकीनंतरच. आपल्याकडे मतदान २० मेला म्हणजे सगळा उन्हाळा त्यात गेला. २०२२ पासून शहरात नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत, त्यामुळे "दादांना फोन लाव" हा नेहमीचा रस्ता पण बंद.

२५ मार्च

काल होळी. सकाळी ग्राउंडवर गेलो तर ११ ट्री गार्ड गायब. शोधायची गरजच पडली नाही, चौकातल्या होळीच्या राखेत बांबूची अर्धवट जळालेली टोकं आणि आम्ही बांधलेली तार होती. तारेच्या गाठी मीच मारल्या होत्या, ओळखल्या. ११ गुणिले १८० म्हणजे १,९८० रुपये होळीला. आणि दोनच दिवसात मोकळ्या गाईंनी उघडी पडलेली चार रोपं शेंड्यापासून खाल्ली.

राग आला होता पण कोणाला धरणार, पोरं आपलीच. रंगपंचमीला सगळे जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारायला गेले तेव्हा मी इथे एकटा काटेरी बाभळीच्या फांद्या बांधत बसलो होतो. बाभळीच्या काट्याला मात्र कोणी हात लावत नाही, फुकट आणि गार्डपेक्षा भारी. पण लहान मुलं खेळतात तिथे नको, एका छोट्या मुलीच्या पायात घुसला, तो सगळा भाग परत काढावा लागला.

१४ एप्रिल

आत्तापर्यंत पाणी पाइपने, पाळीपाळीने. व्हॉट्सअॅपवर पाळीचा तक्ता टाकला की वीस जणांचे अंगठे येतात, पाइप धरायला येतात तीन. माझी सुट्टी शनिवारी, बाकीच्यांची रविवारी, त्यातही गोंधळ. म्हणून ठिबक करायचं ठरवलं.

कंपनीतल्या एका मित्राची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती, ती त्याने काढली, जुन्या १६ एमएमच्या नळ्यांची बंडलं पडून होती, फुकट दिली. नाशिकमध्ये राहायचा हा एक फायदा, ठिबकचं सामान आणि ते समजणारा माणूस पाच किलोमीटरवर मिळतोच. फिटिंग १,८५०, हजार लिटरची काळी टाकी ५,५००, टाकीला पाच फुटी विटांचा ओटा २,२००.

हिशोब असा केला: एका झाडाला तासाला ४ लिटर देणारे दोन ड्रिपर, दोन तास चालू, म्हणजे झाडाला १६ लिटर. कागदावर एकदम झकास.

१६ एप्रिल

चालत नाही. टाकीजवळच्या सहा झाडांना बदाबदा पाणी, शेवटच्या रांगेत ड्रिपरच्या तोंडाशी एक थेंब लटकलेला, तो पण पडायला तयार नाही. मित्राला फोन केला तर हसायला लागला. ड्रिपरला साधारण एक किलो प्रेशर लागतं, ते मिळायला टाकी दहा मीटर उंच पाहिजे, आपली टाकी पाच फूट म्हणजे दीड मीटर. मी टूलरूमचा माणूस, दिवसभर प्रेशर गेज बघतो, आणि हा हिशोब केला नाही. कंपनीत सांगितलं नाही कोणाला.

२० एप्रिल

अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप ३,१००. चालू केल्यावर दुसरी भानगड, निम्मे ड्रिपर चोंदलेले. बागेत वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी गेल्यामुळे आत पांढरा क्षार बसला होता. बागायतदार अॅसिड सोडून नळ्या धुतात, आम्ही ते नको म्हणलं कारण पोरं आसपास असतात. ड्रिपर उपटून टाकले आणि त्या जागी मायक्रोट्यूब खोचल्या, बारीक नळी असते ती, चोंदली तर दिसते आणि फुंकर मारून साफ होते. शेवटच्या झाडाखाली बादली ठेवून मोजलं, पाऊण तासात ११ लिटर. चाललं!

खारी नळ्या कुरतडतात हे पुढच्या आठवड्यात कळलं. खारींसाठी दोन मातीची पाण्याची भांडी ठेवली तेव्हापासून कमी झालंय, बंद नाही.

५ मे

उत्तरेच्या भिंतीलगतची सात झाडं एका ओळीत वाळली. पाणी सगळ्यांना सारखं, खत सारखं, तरी हीच सात. वाळवी म्हणून शंका आली, आम्ही खोडाभोवती द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पसरल्या होत्या आणि काही ठिकाणी वाळवी दिसली पण होती (काड्या खोडापासून वीतभर लांब ठेवा, चिकटवू नका). पण ते कारण नव्हतं. एक कडुनिंब उपटलं. दीड फुटावर पहार टणकन वाजली. हाताने माती बाजूला केली तर करडी गुळगुळीत फरशीसारखी थर, वर मुळं पसरट झालेली, खाली जायला वाटच नाही, टोकं पांढरी पडून वाकलेली. वीस वर्षांपूर्वी बंगले बांधताना इथेच सिमेंट कालवायचे, उरलेलं इथेच ओतायचे, त्यावर माती पडली आणि सगळे विसरले. खड्डे खोदताना मजुराने "खाली दगड आहे" म्हणून दीड फुटावर थांबवलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती.

ब्रेकर लावून थर फोडायचा खर्च विचारला, झेपणारा नाही. त्या पट्ट्यात झाड नाहीच लावायचं असं ठरवलं.

९ जून

मृग लागलं. मोजणी केली. ४२ पैकी जिवंत १९. करंज ७, कडुनिंब ६, बहावा २, कांचन २, आपटा १, वड १. ताम्हण आणि जांभूळ सगळी गेली, पिंपळ पण. मेलेल्या २३ चा हिशोब: सिमेंटच्या पट्ट्यात ७, क्रिकेट ५, गाई ४, उरलेली ७ सरळ सरळ पाण्यावाचून, त्यातली बरीच ठिबक चालू व्हायच्या आधी.

खर्च आजपर्यंत ४३,५३८. घरटी हजार मागितले होते, ३१ घरांनी दिले म्हणजे ३१,०००. वरचे १२,५३८ आम्ही चौघांनी भरले. न देणाऱ्या १४ घरांपैकी दोन जण रोज सकाळी तिथेच फिरतात, असो.

१४ जुलै

परत लावली, पण २३ नाही, फक्त १२. काहीजण म्हणले की शंभर लावू, एक संस्था फुकट देतेय. मी अडवलं. फुकट रोप हे फुकट नसतं, त्याला उन्हाळाभर पाणी घालणारा माणूस लागतो, तो कुठे मिळतो फुकट? सातपूरला फाशीच्या डोंगरावरच्या देवराईत जाऊन बघा, लावल्यानंतरची कित्येक वर्षं लोक तिथे पाणी घालायला, गवत काढायला जात राहिले तेव्हा ती उभी राहिली.

या वेळी प्रत्येक खड्डा तीन फूट, तळाला पहारीने फोडून. रोपं पण वर्षाची नाही, दोन वर्षांची, कमरेएवढी. पिशव्या मी स्वतः फाडल्या आणि १२ पिशव्या मोजून घरी आणल्या.

४ ऑगस्ट

दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. असा पाऊस झाला की ग्रुपवर पहिला प्रश्न दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर (गोदावरीतली मूर्ती, तिच्यावरून नाशिककर पुराचं माप घेतात). आमचा मारुती म्हणजे ग्राउंडचा दक्षिण कोपरा, घोटाभर पाणी. कडक मुरमात खड्डा करून त्यात मऊ काळी माती भरली की तो खड्डा म्हणजे बादली होते, सगळीकडचं पाणी त्यात येऊन बसतं आणि जात नाही. जानेवारीतल्या खड्ड्यांचे तळ आम्ही फोडलेच नव्हते. दोन कडुनिंब पिवळे पडले आणि गेले. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून मेले ते मेले, आता पाण्याने. भर पावसात चौघांनी चाळीस फुटी चर खणून गटारीला जोडला, रेनकोट फाटला, पण दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं होतं. नवीन बारापैकी एकही गेलं नाही.

फिरायच्या वाटेवरचा मुरूम मात्र सगळा वाहून गेला. नंतर दोन्ही कडेला तिरप्या विटा पुरून परत टाकला, आता टिकलाय.

१ सप्टेंबर

पेव्हर ब्लॉकची ऑफर आली. एक इच्छुक दादा येऊन म्हणले, पूर्ण ग्राउंडला पेव्हर टाकून देतो, ग्रीन जिम, गेटवर कमान. कमानीवर अर्थात नाव. मिटिंगला पहिल्यांदाच ३० लोक! निम्म्यांना पाहिजे, कारण चिखल होतो आणि गाड्या लावता येतील. तो "गाड्या" शब्द ज्या क्षणी निघाला तेव्हा बायका उठल्या. समोरच्या वहिनी म्हणल्या, "पेव्हर टाकलं की महिन्यात पार्किंग, मग म्हाताऱ्यांनी काय गाड्यांच्या मधून चालायचं?" ठराव पडला. दादांनी राग धरला नाही, दोन बाकडी तेवढी पाठवली, नावासकट. ती घेतली.

७ सप्टेंबर

गणपती. मांडव दरवर्षी ग्राउंडवरच. गेल्या दोन दिवसांत मांडववाल्याने पहार मारून दोन ठिकाणी ठिबकची मेन लाइन फोडली. भांडण न करता मंडळाच्या पोरांना घेऊन बसलो, मांडवाचे आठ खांब कुठे येतात ते कायमचं ठरवलं आणि तिथे जमिनीत जीआय पाइपचे तुकडे काँक्रीट करून बसवले, वरून झाकण. खांब त्यात उभा करायचा, खड्डा खणायचा नाही. वेल्डिंग मी कंपनीतून भंगार पाइप विकत आणून केलं, १,४०० आले. नवरात्रात पण तेच वापरले. ज्यांच्याकडे ग्राउंडवर मांडव पडतो त्यांनी हे सगळ्यात आधी करा, झाडं नंतर.

१२ ऑक्टोबर

दसरा. आमचा एकुलता एक आपटा वाचवायला सकाळी सहापासून वॉचमन मामा बसले. आपट्याचं पानही हललं नाही. लोकांनी पलीकडची दोन्ही कांचनं ओरबाडून नेली, आपटा समजून! पानं साधारण सारखीच, कांचनाचं मोठं असतं. संध्याकाळी मला पण एकाने सोनं म्हणून कांचनच दिलं, आमच्याच झाडाचं असणार. घेतलं, काय करता.

२० ऑक्टोबर

जे दहा महिने टाळलं ते केलं. पूर्वेच्या बंगलेवाल्यांना नकाशाची प्रत आणि २८ सह्यांचं पत्र दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं, म्हणले बघतो. चहा विचारला नाही.

२३ ऑक्टोबर

बोअरचा पाइप काढलेला होता.

तसं बघितलं तर त्यांची बोअर, त्यांचा हक्क. पण चूक आमची, अख्खं पाणी एका घरावर ठेवलं. जानेवारीतच सांगितलं असतं तर जूनपर्यंत दुसरी सोय झाली असती. आता थंडीत झाडांना कमी लागतं म्हणून निभावतंय. १६ घरं आरओचं वाया जाणारं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतात, दोन पोरं रविवारी सायकलवर गोळा करून टाकीत ओततात. आरओच्या पाण्यात क्षार जास्त म्हणून एक आड एक साधं पाणी देतो. टँकर ९०० चा, महिन्याला दोन.

त्या बंगल्यातल्या आजी रोज कट्ट्यावर येऊन बसतात. त्या बोलतात माझ्याशी, मुलगा बोलत नाही.

१५ डिसेंबर

बाटल्यांचा प्रश्न. रात्री मागच्या कोपऱ्यात बसणारे बाहेरचे. बोर्ड लावला, उपयोग शून्य, बोर्डाला टेकून बसायचे. मग ती दोन बाकडी कोपऱ्यातून उचलून घरांच्या समोर आणली आणि त्या कोपऱ्यात वकील काकांच्या गच्चीवरून एक एलईडी सोडला. तीन आठवड्यात बंद. कोपऱ्यातल्या करंजाच्या फांद्या दिव्यासमोर येतील तेव्हा परत बघावं लागेल, आणि १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे मनाला आलं म्हणून कुऱ्हाड घेता येत नाही, परवानगी काढावी लागेल. असं असताना दिवा थोडा खाली लावायला पाहिजे होता.

९ फेब्रुवारी २०२५

पूर्वेची कार शेड काढली त्यांनी. भिंत तशीच, नारळ तसेच, पण शेड गेली आणि जाळी सहा फूट मागे सरकली. कोणी काही बोललं नाही. टेपने मोजलं, पाऊण गुंठा परत आलाय. उरलेल्यासाठी सरकारी मोजणीचा अर्ज टाकलाय.

१३ मार्च

होळी. या वेळी आधीच मंडळाच्या पोरांकडे लाकडासाठी ८०० रुपये दिले आणि ग्राउंडवरच्या वाळलेल्या फांद्या, जुनी तुटकी पेटी, सगळं त्यांनाच ढीग करायला सांगितलं. झाडं आज २८ आहेत (एक बहावा मध्ये टेम्पोखाली गेला, तो वेगळा किस्सा), त्यातल्या २० ला बांबूचे गार्ड.

रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन मोजले. १९.

१४ मार्च

विसावा सापडला. जळाला नव्हता. मधल्या पिचवर त्याच्या तीन काठ्यांचे स्टंप होते, रंग लागलेले, आणि नववीतला तो आता दहावीत गेलेला बॅटिंग करत होता. म्हणला, "काका, ओव्हर संपली की लावून देतो परत". लावून दिला, पण तारेच्या गाठी ढिल्या मारल्यात, उद्या परत आवळायच्या.